लीव्ह हवालदारासाठी आबांची एक सही

कुंभकोणम्,
शुक्रवार, जुलैची अकरा

तीर्थस्वरूप आबांच्या पायांवर इंद्रजितचं डोकं, आणि तेच डोकं उचलून पुन्हा आजीच्या पायांवर.

मी इकडं सुखरूप आहे. (बोटावर तेजाब उडालंय, म्हणून अक्षर असं. बोट धड होतं तेव्हाही अक्षर असंच होतं हे तुम्ही म्हणणारच, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.) तुमची खुशाली मात्र फोनवर कळत नाही. फोन कानाला लावला की तुम्ही “हां, ठीक, ओव्हर” म्हणता आणि ठेवून देता, पलीकडच्यानं तोंड उघडायच्या आधीच. तेव्हा कागदावर विचारतो. कानाचं मशीन घालता का, की ते अजून ट्रंकेत वर्दीच्या खालीच आहे? आजीचे गुडघे कसे आहेत? आणि गिरीशचा वर्दीतला फोटो सोप्यात लावलाय असं ऐकलं. चांगलं केलंत. चुलतभाऊ फौजेत लागला म्हणजे घराची शान. मी पण एक फोटो पाठवला होता, भट्टीसमोर उभा, हातात लांब चिमटा, मागं जाळ. तो कणगीमागं सापडला असं आजी म्हणाली. मी काही बोलत नाही. धावण्यात मी पण चौथा आलो होतो, छातीही भरत होती. आडवी आली ती नापास नववी. पण ज्याला फ्रेम मिळायची त्याला मिळते, आणि बाकीच्यांनी हजार किलोमीटरवर जाऊन लोकांची मोडकी पैंजणं वितळवायची, हे आता मी धरूनच चाललोय. पत्र गिरीशकडं वाचायला देऊ नका. भिंग घ्या आणि स्वतः वाचा.

आता रागाचं. आबा, तुम्हाला इथून तीन पत्रं गेली आणि तुमच्याकडून एक ओळ नाही. तुम्हीच मला निघताना सांगितलंत ना, “कुंभकोणमला आमच्या पलटणीतला चंद्रमौळी राव आहे, जिवंत असला तर भेट आणि माझं नाव सांग.” मी भेटलो, नाव सांगितलं, आणि तुमच्या नावावर मला त्यांच्या माडीवरची खोली मिळाली, जिच्यासाठी आधीच सात माणसं रांगेत होती. असा माणूस तुमच्याकडं एक सही मागतो आणि तुम्ही गप्प! पत्रं पोस्टात गहाळ झाली असतील तर तसं सांगा, कारण इथल्या पोस्टाचा काही भरवसा नाही. (हे पोस्ट आमच्या दुकानाच्या समोरच आहे. मी रोज बघतो.)

पत्रं मिळालीच नसतील तर प्रकार असा आहे. राव आजोबांच्या उजव्या मांडीत एकाहत्तरच्या लढाईतला गोळ्याचा तुकडा लागला होता. खड्डा अजून आहे, मी पाहिलाय, लिंबू बसेल एवढा. पण फौजेच्या दप्तरात त्यांच्या नावापुढं ना जखमेचं पदक, ना लढाईचं. माणूस कधी बोलला नाही, निवृत्त होऊन गावी आला, मुलगी वाढवली, आता नात वाढवली. मग गेल्या सव्वीस जानेवारीला इथल्या एका शाळेनं लढाईतल्या जुन्या शिपायांचा सत्कार ठरवला. माजी सैनिकांच्या संघटनेनं हौसेनं सगळ्यांची नावं रेकॉर्ड ऑफिसला पाठवून पदकांच्या याद्या मागवल्या. बाकीच्यांच्या याद्या आल्या. राव आजोबांच्या नावापुढं आलं की सदर इसम त्या काळात रजेवर होता. आणि हे सेक्रेटरीनं चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं! शाळेनं बोलावणं मागं घेतलं. तेव्हापासून चौकात जुने फौजी त्यांना “लीव्ह हवालदार” म्हणतात. मंडईत वांगी घ्यायला गेले तरी कुणीतरी विचारतं, “काय हवालदार, आज ड्यूटी की लीव्ह?” ते हसतात. पण आता सकाळचं फिरणं बंद केलंय त्यांनी, अंगणातच येरझाऱ्या घालतात. सत्तावीस पावलं जातात, सत्तावीस येतात. माझ्या खिडकीतून मोजलीत.

म्हणून दुरुस्तीचा अर्ज केलाय. ऑफिसचं उत्तर आलं की त्या वेळी त्याच सेक्शनमध्ये असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा, एकतीस जुलैच्या आत, नाहीतर फाईल बंद. त्या सेक्शनमधली दहा माणसं. आठ गेली. एक राव आजोबा. दहावे तुम्ही. कळलं आता?

आता हा अर्ज लिहितो कोण, तर साईराम. आबा, या माणसाबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण इथं कुणाशी बोलायची सोय नाही, सगळे त्याचे. राव आजोबांच्याच नात्यातला, बी. कॉम., कोपऱ्यावर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. चष्मा, घडी न मोडलेला शर्ट, कपाळाला आडवं गंध. चार महिने झाले, रोज संध्याकाळी फाईल घेऊन येतो आणि तिण्णैवर, म्हणजे यांच्या दारापुढच्या ओट्यावर, बसतो. इंग्रजी असं टाइप करतो की किल्ल्यांचा आवाजही शुद्ध येतो. आणि त्याला कापी, म्हणजे कॉफी, मिळते. मिळते मलाही, पण त्यात फरक आहे. त्याला पितळेच्या वाटी-पेल्यात, वर दोन बोटं फेस. मला स्टीलच्या पेल्यात, फेस एक बोट, कधी कधी अर्धंच. (एकदा मी खरंच बोट बुडवून पाहिलं. सुष्मितानं पाहिलं. तेव्हापासून मला पेल्यावर झाकणी घालून मिळते.)

सुष्मिता म्हणजे राव आजोबांची नात. शाळेत गणित शिकवते. तिचा यात तसा काही संबंध नाही. एवढंच की ती साईरामला “साईराम” म्हणते आणि मला “अण्णा” म्हणते. इथं अण्णा म्हणजे थोरला भाऊ. साईराम माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आणि तोही मला अण्णाच म्हणतो! त्या घरात सगळ्यांचा थोरला भाऊ मी एकटा.

तुम्हाला वाटेल की इंद्रजित उगाच जळतो. मग भजनाचं ऐका. ही मंडळी आपल्याच मुलखातली, पण तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राजांबरोबर इकडं आलेली आणि तिथून आजपर्यंत भाषा तशीच डब्यात भरून ठेवलेली. राव आजोबा मला सकाळी म्हणतात, “तंबी, अंघोळ जाहली काय?” (तंबी म्हणजे इथं पोरा.) मला वाटतं आता मागोमाग पगडीवाला जासूद येणार. घरात विठ्ठल, आणि दर एकादशीला गल्लीच्या टोकाला भजन. मी विठ्ठलाच्या मुलखातून आलोय म्हटल्यावर पहिल्याच एकादशीला मला पुढं बसवलं, गळ्यात हार. साईराम गायला. अभंग, आपलेच. जिभेवर तमिळ वळण, आमच्या मास्तरांनी ऐकलं असतं तर छडी काढली असती, पण सुरात असा की म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. एकामागून एक अकरा अभंग, सगळे पाठ. मग सगळे माझ्याकडं वळले. आबा, मला एक अभंग येत नाही. लहानपणी देवळात मी प्रसादाच्या वेळेला जायचो. पण समोर सुष्मिता बसलेली, बाजूला साईराम झांजा पुढं करतोय, “अण्णा, तुम्ही म्हणा, अस्सल ऐकूं.” मग मला जे येतं ते मी ठणठणीत आवाजात सुरू केलं, गणपतीची आरती, आपल्या मंडळात म्हणतो तशी, टाळ्यांच्या कडकडाटात.

आता मला काय माहीत की यांच्याकडं आरती सुरू झाली म्हणजे भजन संपलं! सगळी सभा एकदम उभी राहिली. कुणी कापूर शोधायला धावलं, कुणी पडदा ओढला, पेटीवाल्यानं पेटी बंद केली. सुंडल म्हणजे प्रसादाचे चणे, ते चुलीवर अजून दगडासारखे होते. अडीच तासांचं भजन मी पाऊण तासात मिटवलं. एक म्हातारे गृहस्थ कार्यक्रम झाला म्हणून घरी गेले ते गेलेच. तेव्हा साईराम हळूच पुढं झाला, म्हणाला की ही आरंभीची आरती धरूं, पाहुण्यांच्या देशीं तशी रीत आहे, आणि पुन्हा बैठक बसवली. सगळ्यांना पटलं. मला वाचवलं की हो त्यानं! माणूस नुसता वरचढ असता तर चाललं असतं. वरचढ असून वर सांभाळूनही घेतो, हे कसं सहन करायचं?

म्हणून मी ठरवलं की अर्जाच्या कामात आपणही दिसायचं. ऑफिसला जखमेचा फोटो हवा होता. म्हटलं हे काम माझं. राव आजोबांना माडीवर उजेडात उभं केलं, धोतर वर धरायला लावलं, मांडीजवळ मापाला आमच्या दुकानातली सोन्याचा कस, म्हणजे टंच, काढायची पट्टी धरली (ही माझी स्वतःची कल्पना), आणि उत्तम फोटो काढून साईरामच्या नंबरवर पाठवला. तो साईरामला गेलाच नाही. तो आमच्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या, ग्रुपवर गेला, ज्यात विट्यापासून मदुराईपर्यंतची दोनशे चाळीस दुकानं आहेत. पट्टी पाहून सेलमच्या एकानं विचारलं, माल कुठल्या टंचाचा आहे. कोइमतूरहून हळद आणि लोणी लावायचा सल्ला आला. आमच्या शेठनं मला दोन दिवस सोनं वितळवायची मूस घासायला बसवलं. राव आजोबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “असो. चौपन्न वर्षें कोणी पाहिली नाहीं, एका दिवशीं दोनशें जणांनीं पाहिली.”

पण आबा, एक दिवस मी जिंकलो. तुमच्या जोरावर. मागच्या रविवारी सगळे तिण्णैवर होते, साईराम अर्ज वाचून दाखवत होता आणि सुष्मिता मान हलवत होती, दर वाक्याला. माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, अरे, कागदात काय लढाई असते? लढाई मी सांगतो, माझ्या आबांची! आणि सुरू झालो, तुम्ही पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेत सांगता तशीच, शब्दाला शब्द. पहाटेचं धुकं, जलपर्णीनं भरलेला कालवा, पलीकडं वीटभट्टीत लपवलेली मशीनगन. कमरेला दोर बांधून तुम्ही पाण्यात उतरलात, नाकपुड्या तेवढ्या वर, काठाला लागून पंचवीस कदम सरपटलात, आणि दोन हातगोळे भट्टीच्या तोंडात. मी उठून सरपटूनही दाखवलं. राव आजोबा मांडीवर हात ठेवून ऐकत होते. मध्येच मी कालव्याचं नाव विसरलो तर त्यांनीच सांगितलं, “बामनी खाळ.” मी थांबलो की विचारायचे, “पुढें?” एकदा म्हणाले, “पाणी ऊन होतें. बाहेर थंडी, आणि पाणी ऊन.” हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत, पण ते पण तिथंच होते ना, त्यांना आठवत असणार. मी तेही घातलं, छान बसलं. शेवट झाला तेव्हा मी गुडघे झटकत उठलो. साईराम फरशीकडं बघत होता. सुष्मिता उठून आत गेली, मला वाटतं डोळे भरून आले असावेत. त्या दिवशी फाईल तशीच मिटली. म्हटलं, वाच आता तुझा अर्ज!

तर एवढं करा. मी खाली मजकूर देतो, तो स्टँपपेपरवर उतरवून वकिलासमोर सही करा. “मी व चंद्रमौळी राव सदर लढाईत एका खंदकात होतो, त्यांस माझ्या डोळ्यांदेखत जखम झाली, ते रजेवर नव्हते.” बस्स, तीन ओळी. साईरामनं चार महिन्यांत जे केलं नाही ते तुमची सही एका दिवसात करील, आणि ती माझ्या हातून राव आजोबांच्या हातात पडेल, सगळ्यांसमोर. पाकीट दुकानाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. साईरामच्या दुकानावर नको. आजीला दंडवत, तांबडीला चारा, गिरीशला काही नाही.

तुमचा,
इंद्रजित

ता. क. (शनिवार, दुपार) पत्र चिकटवणार होतो, पण वरची एक गोष्ट खरी नाही आणि ती तशीच गेली तर मला जेवण जाणार नाही. ती तीन पत्रं पोस्टात गहाळ झालेली नाहीत. ती माझ्या पेटीत आहेत, शर्टांच्या खाली. पोस्ट दुकानासमोर म्हणून राव आजोबा टाकायला माझ्याकडं देत होते. पहिलं मी खरोखर विसरलो. दुसऱ्या दिवशी टाकणार तर सुष्मिता म्हणाली, साईरामनं लिहिलंय, तात्तांचा, म्हणजे आजोबांचा, हात कापतो म्हणून, आणि देवनागरी अक्षर किती सुरेख आहे त्याचं, छापल्यासारखं. स्वतः तिला देवनागरी वाचता येत नाही! मराठी तमिळ अक्षरांत लिहितात हे लोक. मोत्यांची माळ आहे हे कळायला जवाहिऱ्या लागत नाही म्हणा. मी महाराष्ट्रातला, आणि माझं अक्षर कोंबडीनं चिखलातून पळ काढल्यासारखं, आणि झेरॉक्सवाल्याच्या अक्षरातलं पत्र माझ्याच आबांना, माझ्याच हातानं जाणार. हात टपालपेटीपर्यंत गेला आणि परत आला. मग दुसरं आलं, तेही तसंच, आणि तिसरं. राव आजोबा दर शनिवारी विचारतात, “कागद आला काय?” मी नाही म्हणतो. मागच्या शनिवारी तेच मला समजावत होते की म्हातारा माणूस, नजर गेली असेल, रागावूं नको हो आज्जास. आजही विचारलं. मी भट्टीचं काम आहे म्हणून पळालो. तेव्हा तुमच्यावरचा वरचा राग खोडलेला समजा. बाकी मजकूर तसाच. सही तेवढी करा.

ता. क. (रविवार) आबा, मी पत्रं उघडली. उघडायची नव्हती. पण मनात आलं, साईरामनं त्यात माझ्याबद्दल काही घुसडलं असेल तर? आरतीचं, फोटोचं? तुम्हाला तिकडं हसू फुटेल असं काही? म्हणून चहाच्या वाफेवर एक उघडलं, मग तिन्ही. आता वर दिलेला तीन ओळींचा मजकूर वकिलाला दाखवू नका. तो फाडा. पत्रात काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे, मलाच माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात सेक्शनला एकच रजा होती आणि ती राव आजोबांच्या नावावर मंजूर होती, बहिणीच्या लग्नाची. त्यांचा बिस्तरा बांधून झाला होता. मग तुमची तार आली की आजी अडली आहे, मूल आडवं आहे, लगेच निघा. नाव बदलून घ्यायला साहेब जागेवर नव्हता. त्यांनी आपला पास तुमच्या खिशात घातला आणि बिस्तरा सोडला. तुम्ही राव होऊन गाडीत बसलात. ते तुमच्या जागेवर तुमच्या नावाच्या हजेरीला उभे राहिले. तुम्ही विट्याला घरी असताना लढाई लागली, आणि तुम्ही परत पोचलात तेव्हा ती संपली होती. दप्तरात तुम्ही खंदकात आणि ते कुंभकोणमला. रजेवरच्या माणसाला गोळा कसा लागेल, म्हणून जखमेचा कागद क्लार्कनं फाईलला लावलाच नाही. आणि ते बोलले नाहीत, कारण बोलले असते तर दुसऱ्याच्या पासवर गेल्याबद्दल तुमचं कोर्टमार्शल झालं असतं. ते गेलं, आता कुणी काही करत नाही असं साईराम म्हणतो. (हे त्यानं वकिलाला विचारून घेतलंय, पहिल्या पत्रात आहे.)

म्हणजे दोर त्यांच्या कमरेला होता. बरॅकीत त्यांनीच तुम्हाला सांगितलं असणार, आणि तुम्ही आम्हाला. आणि मी त्यांच्या तिण्णैवर, त्यांच्यासमोर, त्यांची लढाई सरपटून दाखवली! पाणी ऊन होतं म्हणाले ते. सुष्मिताला माहीत होतं. साईरामला तर शब्दन् शब्द माहीत होता, त्यानंच लिहिलाय. तो हसला असता ना आबा, तर मला बरं वाटलं असतं. त्यानं फरशीकडं पाहिलं. त्याच्यावर जळायला आता मला धड कारणही उरलेलं नाही. तरी जळतोच, सवय झालीय.

मला तुमचा राग आला. दोन तास आला. मग आठवलं की तीन पत्रं पेटीत लपवून तुम्हाला वर बोल लावणारा मीच. खोटं बोलून झेंड्याखाली उभं राहायची हौस मला कुणाकडून आली ते आता कळलं, तेव्हा फार काही बोलत नाही. त्या लढाईचं तुमचं पदक ऑफिस परत मागेल का, हे साईरामलाही नक्की सांगता येत नाही. पंधरा ऑगस्टला गाव काय म्हणेल ते मात्र मला सांगता येतं. राव आजोबांनी दुसऱ्या पत्रात लिहिलंय, “तुमचें पदक तुमच्याच कोटास असों द्यावें. मजला इतकेंच लिहून द्यावें कीं मी रजेवर नव्हतो.” आणि तिसऱ्यात, “उत्तर न आलें तरी राग नाहीं.” पण सत्तावीस पावलं जाणं आणि सत्तावीस येणं मी रोज बघतो, तुम्ही नाही बघत. तेव्हा खरं ते सगळं लिहा आणि सही करा. मूळ तीन पत्रं आणि त्यांच्यासोबतच निघालेला, वकिलानं केलेला मजकूर आत घातलाय. हे पाकीट उद्या सकाळी रजिस्टर करतो, पावती राव आजोबांच्या हातात देतो आणि पहिली तीन का गेली नाहीत तेही सांगतो. मग खोली राहते की जाते ते बघू.

ता. क. (सोमवार, पोस्टातूनच, बाई गोंद देत नाहीये तोवर) एक राहिलं. तिसऱ्या पत्राच्या शेवटी माझ्याबद्दल एक वाक्य आहे. “तुमचा नातू येथें आहे. बोलतो पुष्कळ, काम करितो बेताचें. परंतु त्यास अंगणांत पाहिलें म्हणजे वाटतें, ती रजा वायां गेली नाहीं.” तेव्हा जे मूल आडवं होतं ते म्हणजे आमचे दादा, माझे वडील, आणि दादा नसते तर मी कुठला. हे वाक्य मी काल वीसेक वेळा वाचलं. पण अक्षर साईरामचं आहे, आणि मला एकसारखी शंका येते की हे त्यानंच आपल्या मनानं लिहिलं असेल, तो तसा आहे. राव आजोबांना विचारायचा मला धीर नाही. सही पाठवाल तेव्हा तुम्ही त्यांना विचारा, हे त्यांनी सांगितलं की साईरामनं घातलं. साईरामचं निघालं तर मला कळवू नका.